उंदराची शेपटी किती लांब, का आणि कशासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात काम करताना आणि शाळा-कॉलेजात बोलताना लोक मला शेपटीबद्दल बरंच काही विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'उंदीर' असं नुसतं म्हटलं असेल तिथे घरात दिसणारा लहान उंदीर, म्हणजे मस मस्क्युलस, समजा. मोठे उंदीर, घुशी किंवा परदेशी जाती आल्या की तसं स्पष्ट लिहिलं आहे.

उंदराची शेपटी साधारण किती लांब असते?

घरातल्या उंदराचं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंग साधारण 7 ते 9.5 सेंटिमीटर भरतं आणि शेपटीही जवळपास तेवढीच असते. कधी ती थोडी आखूड असते, कधी थोडी लांब. वजन मात्र 12 ते 30 ग्रॅमच.

पण नुसत्या सेंटिमीटरवरून फारसं काही कळत नाही. आठ सेंटिमीटरची शेपटी घरातल्या उंदराला नेहमीची, त्याहून बुटक्या शेतातल्या उंदराला फारच लांब आणि घुशीला हास्यास्पद आखूड. म्हणून प्राणिशास्त्रात शेपटी नेहमी अंगाच्या लांबीशी ताडून सांगतात: अंगापेक्षा लांब, अंगाएवढी की अंगापेक्षा आखूड. पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच प्रमाण महत्त्वाचं आहे.

ती मोजायची कशी? दोन माणसांची मापं वेगळी का येतात?

मापं वेगळी येतात कारण सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नसतं. रूढ पद्धत अशी: शेपटी पाठीशी काटकोनात उचलायची, पट्टीचं शून्याचं टोक शेपटीच्या मुळाशी टेकवायचं आणि शेवटच्या मणक्याच्या टोकापर्यंत वाचायचं. टोकापुढे आलेले केस मोजायचे नाहीत. काही जातींत हे केस चांगले पाच-सहा मिलिमीटर पुढे येतात, त्यामुळे ते धरले की माप सरळ चुकतं.

संग्रहालयातल्या जुन्या कातडीला जोडलेली चिठ्ठी पाहिलीत तर तिच्यावर चार आकडे दिसतात: डोके-धड, शेपटी, मागचं पाऊल आणि कान. हे आकडे प्राणी ताजा असतानाच लिहून ठेवायचे असतात, कारण कातडी भरून वाळली की शेपटी ताणली जाते किंवा आकसते आणि मग ते माप पुन्हा मिळत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण सुरू केलं, त्याचा पहिला अहवाल आपल्या खानदेशचा होता. त्या काळात नमुने गोळा करणाऱ्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेली मापं आजही जाती ओळखायला उपयोगी पडतात. मला या चिठ्ठ्यांबद्दल फार आदर वाटतो.

शेपटीत असतं काय?

हाडं, स्नायूंचे लांब कंडरे, रक्तवाहिन्या, नसा आणि वर कातडी. घरातल्या उंदराच्या शेपटीत साधारण तीसच्या आसपास मणके असतात. मानेत सात, छातीत तेरा, कमरेत पाच-सहा आणि कमरेखाली, शेपटीच्या मुळाआधीच्या त्रिकास्थीत चार, हे लक्षात घेतलं तर निम्म्याच्या जवळपास कणा शेपटीतच आहे. मुळाजवळचे मणके आखूड आणि रुंद असतात, मग ते लांबट होत जातात आणि टोकाकडे पुन्हा बारीक होत होत दाण्याएवढे उरतात.

शेपटी हलवणारे मोठे स्नायू मुळाशी, कमरेच्या भागात असतात. तिथून पांढरे कंडरे दोऱ्यासारखे टोकापर्यंत गेलेले असतात, म्हणूनच शेपटी बारीक असूनही टोकापर्यंत वळवता येते.

भिंग लावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. शेपटी नागडी वाटते, पण ती नागडी नसते. तिच्यावर खवल्यांची कडी एकामागून एक गुंडाळलेली असतात आणि खवल्यांच्या मधून बहुधा तीन-तीन बारीक, आखूड केस उगवलेले असतात. वरची बाजू गडद आणि खालची फिकट, असा फरकही बऱ्याच जातींत दिसतो. जात ओळखताना हे बारकावे लांबीइतकेच कामाला येतात.

अंगावर एवढी लव असताना शेपटी उघडी का?

उष्णता बाहेर टाकण्यासाठी. उंदराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या फक्त पंजाच्या गाद्यांवर. अंगावरची लव ऊब धरून ठेवते. मग ऊब जास्त झाली तर ती जाणार कुठून? कान, पावलं आणि सर्वांत महत्त्वाची शेपटी.

शेपटीतल्या रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये थेट जोडवाटा असतात. अंग तापलं की या वाटा उघडतात, गरम रक्त सरळ कातडीखालच्या नीलांमध्ये येतं आणि उष्णता हवेत जाते. थंडी वाजली की वाटा बंद होतात आणि शेपटीचं तापमान उतरत उतरत आजूबाजूच्या हवेच्या जवळ येतं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून हे फार छान दिसतं: खोली गार असताना शेपटी पडद्यावर जवळजवळ अदृश्य असते आणि खोली तापवत नेली की एका टप्प्यावर ती मुळापासून एकदम उजळून निघते. मोठ्या उंदरांवर 1960 च्या दशकात झालेल्या मोजमापांत गरम वातावरणात शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे 17 टक्के एकट्या शेपटीतून बाहेर पडते असं दिसलं. शरीराच्या पृष्ठभागात शेपटीचा वाटा लहान आहे, हे पाहता हा आकडा मोठा आहे.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घाबरलेल्या उंदराची शेपटी गार पडते, कारण भीतीनेही रक्तवाहिन्या आकसतात. उंदराला हाताळून लगेच शेपटीचं तापमान घेतलं तर त्या आकड्यात भीतीही मिसळलेली असते.

थंड ठिकाणी वाढलेल्या उंदरांची शेपटी आखूड असते, हे खरं का?

खरं आहे आणि शंभर वर्षांहून जास्त काळ ते पुन्हापुन्हा दिसलं आहे.

1877 मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जोएल असाफ ॲलन यांनी एक निरीक्षण मांडलं: उष्ण रक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशातल्यांचे कान, पाय, शेपटी असे बाहेर आलेले अवयव उष्ण प्रदेशातल्यांपेक्षा आखूड असतात. तर्क सरळ होता. अवयव लांब तर उष्णता जास्त जाणार, म्हणून थंडीत निसर्ग आखूड अवयवांच्या प्राण्यांना निवडणार.

मग फ्रान्सिस समनर यांनी पांढरे उंदीर दोन खोल्यांत वाढवले, एक उबदार आणि एक गार. 1909 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: उबदार खोलीतल्या उंदरांच्या शेपट्या स्पष्टपणे लांब होत्या. हे उंदीर एकाच वाणाचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीची इथे गरजच पडली नव्हती, एकाच आयुष्यात फरक पडला होता. पुढे ग्लासगोत एस. ए. बार्नेट यांनी उणे 3 अंश सेल्सिअसच्या खोलीत उंदरांच्या पिढ्या वाढवल्या, तिथेही शेपट्या आखूडच निघाल्या.

पण थंडीमुळे हाड आखूड राहतं ते कसं?

बराच काळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं: थंडीत रक्त कमी पोचतं, म्हणून पोषण कमी, म्हणून वाढ कमी. ऐकायला पटतं. पण 2008 मध्ये मारिया सेराट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. त्यांनी उंदीर 7, 21 आणि 27 अंशांना वाढवले. गार खोलीतल्यांचे कान, पाय आणि शेपट्या अपेक्षेप्रमाणे आखूड निघाल्या. त्यानंतर त्यांनी पावलाची इवलीशी हाडं शरीराबाहेर, पोषक द्रवात वेगवेगळ्या तापमानांना वाढवली. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, रक्त नाही, तरीही उबदार द्रवातलं हाड जास्त लांब झालं.

म्हणजे तापमानाचा परिणाम थेट कूर्चेवर होतो. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते, तिथल्या पेशी विभागून हाड लांबवतात. ती चकती गार असेल तर पेशी सावकाश वाढतात. शेपटी शरीराच्या गाभ्यापासून लांब आणि वर लव नसलेली, त्यामुळे तिच्या चकत्या सर्वांत आधी गार पडतात.

मला हा प्रयोग या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. एक जुनं, सोयीचं स्पष्टीकरण होतं, ते चुकीचं सिद्ध करायला कुणीतरी रक्तच बाजूला काढून पाहिलं.

म्हणजे शेपटीची लांबी आनुवंशिक नाही?

आनुवंशिकही आहे. एकाच प्राण्याच्या शेपटीवर आईवडिलांचाही हात असतो आणि ज्या घरट्यात तो वाढला त्या घरट्याच्या उबेचाही.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅलरी बॅलिंजर आणि मायकेल नॅकमन यांनी घरातल्या उंदरांचे दोन गट घेतले, एक ब्राझीलमधल्या मानाउसचा आणि दुसरा न्यू यॉर्क राज्यातल्या सॅरटोगा स्प्रिंग्जचा. हे उंदीर युरोपीयांबरोबर जहाजांतून अमेरिकेत पोचलेले, म्हणजे त्यांना तिथे जेमतेम काही शतकं झाली आहेत. एकसारख्या परिस्थितीत प्रयोगशाळेत वाढवल्यावरही न्यू यॉर्कचे उंदीर आकाराने मोठे राहिले, म्हणजे अंगाच्या आकारातला फरक जनुकांतला. शेपटी आणि कान मात्र थंडीला चटकन प्रतिसाद देत होते. ब्राझीलचे उंदीर गार खोलीत वाढवले की त्यांची शेपटी आखूड होऊन न्यू यॉर्कच्या उंदरांकडे झुकायची.

हे महत्त्वाचं आहे. उंदीर नव्या, थंड मुलखात उतरला की पहिल्याच पिढीत त्याच्या पिल्लांची शेपटी योग्य दिशेला आखूड होते आणि तेवढ्यावर पिल्लं तग धरतात. जनुकांची निवड मागाहून सावकाश होत राहते.

चढणाऱ्या उंदरांची शेपटी लांब का असते?

तोल सांभाळायला. दोरीवर चालणारा डोंबारी हातात आडवी काठी धरतो, उंदीर तेच काम शेपटीने करतो. पाय एका बाजूला घसरला की शेपटी झटक्यात फिरते आणि तिच्या फिरण्याच्या जोराने धड उलट बाजूला सरळ होतं. शेपटी जितकी लांब तितका हा झटका प्रभावी, कारण वजन अक्षापासून लांब जातं.

2024 मध्ये जपानमधल्या ओकिनावाच्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना अरुंद पट्टीवरून चालायला लावून मधेच ती पट्टी तिरकी केली. पट्टी कलताच उंदीर शेपटी झपकन उलट दिशेला फिरवायचे. सामान्य डोळ्याला ही हालचाल दिसते न दिसते, तिच्यासाठी वेगवान कॅमेरा लागतो.

कोकणात नारळीच्या बागा असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. माडाच्या शेंड्यात राहून कोवळे नारळ पोखरणारा काळा उंदीर एका झावळीवरून दुसऱ्या झावळीवर जातो, तेव्हा शेपटी सतत डावी-उजवी होत असते. या उंदराची शेपटी त्याच्या अंगापेक्षा लांब असते. गटारात आणि जमिनीखाली राहणाऱ्या तपकिरी उंदराची मात्र अंगापेक्षा आखूड. दोघे एकाच कुळातले आणि बऱ्याच शहरांत एकाच इमारतीत: एक माळ्यावर, दुसरा तळाशी.

याचा पुरावा निसर्गात, जंगलात मिळाला आहे का?

मिळाला आहे आणि तो अमेरिकेतल्या हरीण-उंदरांत. पेरोमिस्कस मॅनिक्युलेटस ही जात उत्तर अमेरिकेत जंगलांतही राहते आणि गवताळ माळरानांवरही. जंगलातल्या उंदरांची शेपटी लांब, माळावरच्यांची आखूड. हा फरक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होता. 1954 मध्ये एलिझाबेथ हॉर्नर यांनी पेरोमिस्कसच्या चढण्याच्या सवयी आणि त्यात शेपटीचा वापर यावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. खरी उकल मात्र गेल्या काही वर्षांत हार्वर्ड विद्यापीठातल्या होपी होक्स्ट्रा यांच्या गटाने केली.

पहिली गोष्ट: लांब शेपटी एकदाच निर्माण होऊन सगळीकडे पसरली असं नाही. खंडाच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जंगलांत ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. दोन वेगळ्या ठिकाणी, एकाच गरजेतून, एकच उत्तर निघालं. उपयोग नसता तर असं घडायचं कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट: शेपटी लांब करायचे दोन मार्ग आहेत. मणके जास्त करायचे किंवा प्रत्येक मणका लांब करायचा. जंगलातल्या उंदरांत दोन्ही घडलं आहे आणि या दोन गोष्टी जनुकसंचातल्या बहुतांशी वेगळ्या भागांकडून ठरतात. मणक्यांची संख्या भ्रूणावस्थेतच ठरून जाते, लांबी जन्मानंतरही वाढत राहते. मघाशी पाहिलेला थंडीचा परिणाम या दुसऱ्या टप्प्यावर होतो.

तिसरी गोष्ट 2024 मध्ये पुढे आली. मणक्यांची संख्या ठरण्यात हॉक्सडी13 या जनुकाचा संबंध दिसतो. जंगलातल्या उंदराच्या भ्रूणात शेपटीच्या कोंबामध्ये हे जनुक कमी चालतं आणि त्या कोंबात पुढे मणके घडवणाऱ्या मूळ पेशींचा साठा जास्त असतो. भ्रूणात मणक्यांचे तुकडे सुमारे दर दोन तासांनी एक याप्रमाणे डोक्याकडून शेपटीकडे पडत जातात. साठा मोठा असेल तर तुकडे जास्त पडतात. त्याआधी 2022 मध्ये याच गटाने दाखवलं की ओरेगनमधल्या जंगली आणि माळरानी उंदरांत पंधराव्या गुणसूत्राचा डीएनएच्या 4 कोटींहून जास्त अक्षरांचा एक सलग भाग उलटा बसलेला आहे आणि शेपटीची लांबी व अंगाचा रंग या दोन्हींशी त्याचा संबंध आहे. भाग उलटा असल्यामुळे त्यातली जनुकं एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात आणि जंगलाला साजेशी गुणांची जोडी फुटत नाही.

आणि लांब शेपटीचे उंदीर खरंच बारीक दांडीवरून बरे चालतात का? गटाने तेही पाहिलं. आडव्या बारीक दांडीवर जंगली उंदीर सरस ठरले आणि शेपटीच्या लांबीने तोल किती सावरतो याचं गणितही त्याच दिशेने गेलं.

आपल्याकडे कोणत्या उंदराची शेपटी कशी?

महाराष्ट्रात भेटणाऱ्यांपैकी मला सर्वांत आवडतो तो लांब शेपटीचा झाड-उंदीर, व्हँडेल्युरिया ओलेरेसिया. अंगठ्याएवढं अंग आणि त्याच्या दीडपटीच्या आसपास शेपटी. हा जवळजवळ सगळं आयुष्य झुडपांत, बांबूत आणि झाडांवर काढतो, गवताचं घरटंही वरच बांधतो. त्याची शेपटी नुसता तोल धरत नाही, ती फांदीला विळखाही घालते. पायांची पहिली आणि शेवटची बोटं इतर बोटांसमोर वळतात, त्यामुळे बारीक काडीही त्याला पकडता येते. रात्री बॅटरीच्या उजेडात घाणेरीच्या जाळीत हा दिसला की आधी शेपटीच नजरेत भरते, उंदीर नंतर.

बाकीचे थोडक्यात. भाताच्या बांधावरचा छोटा शेत-उंदीर, मस बुडुगा, शेपटी अंगापेक्षा किंचित आखूड. खडकाळ माळावरचा, चपट्या राठ केसांचा मस प्लॅटिथ्रिक्स, हाही आखूड शेपटीचा, बिळाच्या तोंडाशी खडे रचणारा. घुशी बिळं खणणाऱ्या, त्यांची जाड शेपटी अंगापेक्षा आखूड किंवा फार तर तेवढीच. जर्बिल नावाच्या बिळात राहणाऱ्या उंदराची शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. हा चढत नाही, उड्या मारत पळतो आणि वेगात वळताना त्याला शेपटी लागते. म्हणून 'लांब शेपटी म्हणजे झाडावरचा' हा नियम डोळे मिटून लावू नका.

आणि चिचुंद्री उंदीर नव्हे. ती कीटक खाणाऱ्या वेगळ्या गणातली. तिची शेपटी मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती आणि तिच्यावर मधूनमधून लांब केस उभे असतात. लांबट नाक दिसलं नाही तरी एवढ्या शेपटीवरून ती ओळखता येते. तिला उंदीर समजून मारू नका, ती घरातली झुरळं खाते.

शेपटीने पकडणारे उंदीर आणखी कुठे आहेत?

युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात मायक्रोमिस मिन्युटस हा गव्हाच्या ताटांवर राहणारा इवला उंदीर आहे. वजन सहा ग्रॅमच्या आसपास. शेपटीच्या टोकाचा भाग तो ताटाभोवती गुंडाळतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून कणसातला दाणा खातो.

बिनशेपटीचा उंदीर जन्माला येतो का?

येतो आणि त्यातून विसाव्या शतकातल्या जनुकशास्त्राचा एक मोठा धागा निघाला. पॅरिसमध्ये नादेज्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया उंदरांवर क्ष-किरणांचे प्रयोग करत होत्या. त्यांच्या उंदरांत एक आखूड शेपटीचा निघाला. 1927 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं. या उत्परिवर्तनाची एक प्रत असेल तर शेपटी आखूड, दोन्ही प्रती असतील तर भ्रूण जन्मापूर्वीच मरतो, कारण धडाचा मागचा भाग घडतच नाही. त्या जनुकाला टी किंवा ब्रॅकियुरी म्हणतात. 1990 मध्ये बर्नहार्ड हेरमान आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं.

पुढे जंगली उंदरांत याच भागाचं एक विचित्र रूप सापडलं. त्याची एक प्रत असलेल्या उंदराची शेपटी नेहमीसारखीच असते, पण प्रयोगशाळेतल्या आखूड शेपटीच्या उंदराशी संकर केला की काही पिल्लं अजिबात शेपटी नसलेली निघतात. शिवाय ही प्रत असलेला नर ती निम्म्या पिल्लांना देण्याऐवजी नव्वद टक्क्यांहून जास्त पिल्लांना देतो. जनुकं पिल्लांत समान वाटली जातात या नियमाला एवढा ठळक अपवाद क्वचितच मिळतो.

आणि हा धागा आपल्यापर्यंत येतो. माणूस आणि चिंपांझी, गोरिला यांसारख्या कपींना शेपटी का नाही, याच्या शोधात 2024 मध्ये बो शिया, इताई यानाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या पूर्वजांत सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी याच जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसला होता. त्याचा परिणाम जसा व्हावा तसा बदल त्यांनी उंदरांच्या जनुकात केला, तेव्हा आखूड शेपटीची आणि बिनशेपटीची पिल्लं जन्मली.

पिढ्यान्‌पिढ्या शेपटी कापली तर पिल्लं बिनशेपटीची होतील का?

नाही. जर्मनीत ऑगस्ट वाइजमान यांनी 1880 च्या दशकात हे करून पाहिलं. पाच पिढ्या आईबापांच्या शेपट्या कापल्या, 901 पिल्लं जन्मली, एकाचीही शेपटी नाहीशी झाली नाही की आखूडही झाली नाही. थंडीमुळे आखूड राहिलेल्या शेपटीलाही हेच लागू. अशा उंदराची पिल्लं उबेत वाढली तर त्यांची शेपटी पुन्हा लांब होऊ शकते.

तुटलेली शेपटी परत येते का?

पालीची येते, उंदराची येत नाही. पालीच्या शेपटीत तुटण्यासाठी ठरलेल्या जागा असतात, उंदराच्या मणक्यांत तशा नसतात. मात्र काही जातींत शेपटीची कातडी ओढ बसली की मोज्यासारखी निसटते: जर्बिल, युरोपातला रानउंदीर, आफ्रिका आणि पश्चिम आशियातला काटेरी उंदीर. घुबड किंवा मांजर कातडी घेऊन राहतं आणि प्राणी निसटतो. उघडी पडलेली हाडं काही दिवसांत वाळून गळतात. जीव वाचतो, पण शेपटीचं सगळं काम कायमचं कमी होतं.

मग उंदराला शेपटीला धरून उचलावं का?

उचलू नका. प्रयोगशाळांमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षं रूढ होती आणि अजूनही अनेक ठिकाणी आहे. 2010 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाला टाळतात आणि अस्वस्थ राहतात. ओंजळीत किंवा छोट्या नळीत घेऊन उचललेले उंदीर मात्र स्वतःहून हाताजवळ येतात. एवढ्या साध्या बदलाने प्रयोगाचे आकडेही बदलतात, कारण घाबरलेला प्राणी वेगळा वागतो.

जर्बिलच्या बाबतीत तर शेपटीला धरणं म्हणजे कातडी निसटायला आमंत्रण. आणि घरातल्या किंवा शेतातल्या उंदराला उघड्या हाताने हातच लावू नका. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण दरवर्षी निघतात आणि त्याचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पसरतात.

उंदीर शेपटी आपटतो किंवा थरथरवतो, ते कशासाठी?

दोन नर समोरासमोर आले की हल्ल्याच्या आधी शेपटी वेगाने थरथरवतात, कोरड्या पाचोळ्यावर तिचा खडखडाट ऐकू येतो. तो इशारा असतो. मॉर्फिन दिलेल्या उंदराची शेपटी मात्र पाठीवर कमानीसारखी ताठ उभी राहते. वॉल्थर श्ट्राउब यांनी 1911 मध्ये ते नोंदवलं आणि पुढे बरीच वर्षं औषधात अफूवर्गीय द्रव्य आहे का हे ओळखायला ही खूण वापरली गेली.

पाळलेल्या उंदराच्या शेपटीला कडी पडल्यासारखं दिसतं. काय करू?

लहान पिल्लांत कोरड्या हवेमुळे शेपटीवर आवळल्यासारखी वलयं पडतात, त्यापुढचा भाग सुजतो आणि कधीकधी गळून पडतो. एसीच्या थेट झोतात पिंजरा ठेवू नका, घरट्यासाठी भरपूर कागद किंवा गवत द्या आणि हवेत थोडा ओलावा राहील असं पाहा. वलयापुढचा भाग काळा पडू लागला तर घरगुती मलमं न लावता पशुवैद्याकडे न्या.

फोटो पाठवला तर जात सांगता येईल का?

बऱ्याचदा येते, पण शेपटी पूर्ण दिसली तरच. बहुतेक फोटोंत चेहरा छान असतो आणि शेपटी चौकटीबाहेर गेलेली असते. शक्य झालं तर प्राण्याला हात न लावता बाजूने, त्याच्याच उंचीवरून फोटो घ्या. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळं एका चौकटीत येऊ द्या. शेपटी वळलेली असेल तर आणखी दोन फोटो काढा. मेलेला प्राणी सापडला असेल तर शेजारी पट्टी ठेवा, शेपटीची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी दाखवा आणि मागच्या पावलाचा तळवाही घ्या. सोबत जागा लिहा: गाव, शेत की घर, जमिनीवर की झाडावर. झाडावर दिसला असेल तर किती उंचीवर, तेही लिहा.